राजाची सावत्र आई

हजार वर्षांपूर्वी मेलेल्या एका इंग्रज राजानं मी दहा वर्षांची असताना माझं दूध तोडलं. मेला तेव्हा तो सोळा-सतरा वर्षांचा पोरगा होता. त्याचं राज्य कुठल्या कुठे. पण दौंडच्या रेल्वे कॉलनीत आमच्या क्वार्टरमागे इंजिनाच्या राखेचा एक रस्ता होता, त्यावरून तो त्या उन्हाळ्यात रोज दिवेलागणीला जायचा. मी त्याला पाहिलं नाही. ऐकलं.

माझी आई मी आठ वर्षांची असताना काविळीनं गेली. वडील लोको शेडमध्ये फायरमन होते. इंजिनात कोळसा मारत सोलापूरला नाहीतर मनमाडला जायचं, तिथल्या रनिंग रूमवर झोपायचं आणि उलट्या गाडीनं परत यायचं, असं त्यांचं आयुष्य. वर्षभर आत्यानं मला सांभाळलं. मग तिच्या सासरहून बोलावणं आलं. जाताना ती वडिलांना म्हणाली, "दादा, पोरगी एकटी ऱ्हायची न्हाई. बघा कुणीतरी."

वडिलांनी बघितली ती घोड नदीच्या काठची, इनामगावची. विधवा होती. आमच्यात विधवेच्या लग्नाचं नवल नव्हतं. बुद्धाच्या तसबिरीपुढे घरची चार माणसं बसली, वंदना झाली, आणि संध्याकाळी ती आमच्या चुलीपुढे बसून भाकरी थापू लागली. मी तिला मावशी म्हणायचं ठरलं.

मावशी बोलायची कमी. हात मात्र सारखा कशात ना कशात गुंतलेला. सकाळी गवळी आला की ती माझ्यासाठी वेगळं दूध घ्यायची, तापवायची आणि फुलपात्रात ओतून माझ्यासमोर धरायची. मी पिऊन होईपर्यंत समोर बसून राहायची. आई असताना आमच्याकडे दूध चहापुरतं यायचं. फायरमनच्या पोरीला रोज नुसतं दूध, ही आमच्या ओळीत बोलण्यासारखी गोष्ट होती, आणि बोलली गेलीच. नळावर मी हंडा घेऊन उभी असताना शेजारच्या काकू दुसऱ्या बाईला म्हणाल्या, "पहिला नवरा खाल्ला, पोटची पोरगी खाल्ली. आता हिला दूध पाजती. कशापायी पाजती, कुणाला ठावं!"

मावशीला मुलगी होती हे मला तिथे, नळावर, कळलं.

वडिलांना वाटायचं की साहेबाचं इंग्रजी नीट कळलं असतं तर आपण एव्हाना ड्रायव्हर झालो असतो. म्हणून त्यांनी मला मिसबाईकडे शिकवणीला घातलं. मिसबाई अँग्लो-इंडियन. तिचे वडील मेल गाडीचे ड्रायव्हर होते. भावंडं एकेक करून ऑस्ट्रेलियाला निघून गेली होती. ती शाळेतून निवृत्त होऊन चर्चजवळच्या दोन खोल्यांत एकटी राहायची. व्हरांड्यात वेताच्या खुर्चीवर बसून ती शिकवायची आणि तिच्या डोक्यावर भिंतीला एक चित्र होतं.

चित्रात पांढऱ्या घोड्यावर एक पोरगा बसला होता. डोक्यावर बारीकसा मुकुट, मक्याच्या कणसाच्या शेंड्यासारखे पिवळे केस. त्यानं पेला तोंडाला लावला होता. खाली दारात हिरव्या झग्यातली एक बाई त्याच्याकडे बघून हसत होती. तिच्या मागे अंधारात एक माणूस उभा होता आणि त्याचा एक हात पाठीमागे होता.

मार्च महिन्यात एका दुपारी मी गेले तर चित्राखाली मेणबत्ती पेटवलेली. मिसबाईनं चांगला फ्रॉक घातला होता.

"आज त्याचा दिवस आहे," ती म्हणाली. तिचं मराठी दौंडच्या बाजारात शिकलेलं, मध्येमध्ये हिंदी. "वो राजा था. आता संत आहे. बस, तुला गोष्ट सांगते."

त्या पोराचा बाप राजा होता. तो मेला. मोठा मुलगा म्हणून ह्याला गादी मिळाली. पण बापाची दुसरी राणी होती आणि तिचा स्वतःचा एक लहान मुलगा होता. हे सावत्र भाऊ एकमेकांवर फार जीव टाकायचे. एक दिवस राजा शिकारीला गेला. फिरताफिरता त्याला वाटलं, धाकट्याला भेटून यावं. तो एकटाच सावत्र आईच्या वाड्याच्या दारात गेला. ती हसतमुखानं बाहेर आली. म्हणाली, दमला असशील, आधी काहीतरी पी. त्यानं घोड्यावरूनच पेला घेतला. तो पीत असतानाच तिच्या माणसानं त्याच्या पोटात सुरा घातला.

"पेल्यात काय होतं?" मी विचारलं.

मिसबाईला बहुधा हे कुणी कधी विचारलं नव्हतं. "वाइन असेल. नाहीतर दूध," ती म्हणाली.

घोडा बिथरून पळाला. राजा खाली कोसळला, पण त्याचा पाय रिकिबीत अडकला. घोडा त्याला दगडधोंड्यांतून, रानातून ओढत घेऊन गेला. शेवटी घोडा थांबला तेव्हा पोरगा मेलेला होता. राणीनं ते प्रेत एका आंधळ्या म्हातारीच्या झोपडीत टाकून झाकून ठेवायला लावलं. त्या संध्याकाळी झोपडी उजेडानं भरली आणि म्हातारीला दिसायला लागलं. पुढे लोक त्याच्या हाडांपाशी नवस बोलू लागले. त्याला संत म्हणू लागले.

"राणीला फाशी दिली?"

"नाही. तिचा मुलगा राजा झाला. तो लहान, दहा साल का. भावासाठी रडत होता. राणीजवळ मारायला काही नव्हतं, तर मेणबत्त्यांनीच मारलं त्याला. मग सगळी जिंदगी त्याला मेणबत्ती सहन झाली नाही."

मी चित्राखालच्या मेणबत्तीकडे पाहिलं आणि मग त्या बाईच्या हातांकडे. पेला देऊन रिकामे झालेले हात तिनं पोटावर एकात एक गुंफून ठेवले होते. माझं दूध होईपर्यंत मावशी असेच हात ठेवून बसायची.

आमच्या क्वार्टरमागच्या रस्त्यानं टांगे जायचे. गाडी यायची वेळ झाली की टांगेवाले घोडे दामटत स्टेशनकडे निघायचे. टापांचा आवाज मी जन्मल्यापासून ऐकत होते. त्या दिवसापासून टापांच्या मागून आणखी एक आवाज येऊ लागला. ओलं पोतं राखेवरून ओढत न्यावं तसा. मधूनच ते दगडाला अडखळायचं आणि पुन्हा ओढलं जायचं. मी मागचं दार लावून घ्यायचे.

"एवढं उकडतंय, दार का गं लावती?" मावशी विचारायची.

"राख येते," मी म्हणायचे.

दूध प्यायचं तर मी थांबवलंच. मावशीची पाठ वळली की फुलपात्र घेऊन मी मागच्या पायरीवर जायचे आणि एका भुऱ्या मांजरीपुढे ओतायचे. मग तिथेच बसून मांजर मरते का ते बघायचे. मांजर मेली नाही. महिनाभरात ती चांगली गुबगुबीत झाली आणि मी वाळले. मावशीच्या हातची भाकरीही मी कडेकडेनं कुरतडून टाकून द्यायला लागले. वडील आले की मात्र त्यांच्या शेजारी बसून त्यांच्याच ताटात पोटभर जेवायचे. त्यांच्या ताटात ती काही घालणार नाही, असा माझा हिशोब होता.

तशात मावशीला दिवस गेल्याचं मला दिसू लागलं. आता तिचा स्वतःचा मुलगा येणार होता.

एका सकाळी ती अचानक मागच्या दारात आली. मांजर फुलपात्रात तोंड घालून बसली होती आणि मी शेजारी. पळायला जागा नव्हती. मावशी खाली बसली. तिला बसायला त्रास होत होता.

"नासकं लागतंय का?" तिनं विचारलं.

मी नाही म्हणून मान हलवली.

"मग?"

"त्या राजाला पण असंच दिलं होतं," मी म्हणाले, आणि मला रडू फुटलं. रडतरडत मी सगळी गोष्ट सांगितली. घोडा, पाय, आंधळी म्हातारी, सगळं. तिनं मध्ये एकदाही थांबवलं नाही. मी नळावरचं बोलणंही सांगून टाकलं. ते ऐकताना तिनं मांजरीच्या पाठीवरून हात फिरवणं थांबवलं, एवढंच.

"त्या बाईचं चित्र हाय म्हनतीस?"

"मिसबाईकडे."

"चल. मला दाव."

डोक्यावरून पदर घेऊन ती त्याच दुपारी माझ्याबरोबर निघाली. मिसबाई गडबडली. तिनं खुर्ची पुढे केली, पण मावशी चित्रापुढेच उभी राहिली. बराच वेळ तिनं पोराकडे पाहिलंच नाही. हिरव्या झग्यातल्या बाईकडेच बघत होती.

"बाई," ती शेवटी म्हणाली, "हिनंच मारलं, हे कुणी पाह्यलं व्हतं का?"

"पुस्तकात लिहिलंय."

"लिवनारा तितं व्हता?"

मिसबाईनं चित्राकडे पाहिलं. "नाही. वो तो बहुत साल बाद."

"मंग?"

"पण प्याला तिच्या हातात होता," मिसबाई म्हणाली. तिचा आवाज चिडका नव्हता, दुखरा होता. "दरवाजा तिचा, नोकर तिचा. आणि गादी कोणाला मिळाली? तिच्याच मुलाला. दुसरं कोण मारणार?"

मावशीनं जरा विचार केला. "व्हय. तसंच दिसतंय खरं," ती म्हणाली. मग म्हणाली, "माझं बी लोकांना तसंच दिसतंय."

मिसबाईनं माझ्याकडे पाहिलं, मावशीच्या पोटाकडे पाहिलं. तिला काय ते कळलं असावं. ती चित्राकडे पाठ करून बसली.

"मला पण सौतेली आई होती," ती म्हणाली. "तिनं मला बोर्डिंगमध्ये टाकलं. ख्रिसमसला सगळ्या मुली घरी जायच्या. मी एकटी राहायची. तिथल्या मदरनं मला हे चित्र दिलं. बोली, हा तुझा भाऊ आहे, याच्याशी बोल. साठ साल झाले, मी बोलते."

मिसबाईनं आम्हाला चहा दिला. मावशीनं आपला कप तोंडाला लावला, पण माझा कप बशीवर तसाच निवून गेला. मावशीनं तो बघितला आणि तशीच उठली.

घरी येताना ती मला म्हणाली, "पियाचं नसंल तर नको पिऊ. पर मला सांग. लपवू नको."

परीक्षा झाली आणि ती मला घेऊन माहेरी गेली. वडील सारखे लाइनीवर, आणि तिला आता हंडे उचलवत नव्हते. आम्ही एस.टी.नं गेलो, उतरून चालत गेलो. मी तिच्या मागून चालत होते, चार हात अंतर ठेवून.

इनामगावला तेव्हा नदीकाठच्या पांढरीवर खोदकाम चाललं होतं. पांढर म्हणजे जुन्या वस्तीचं मातीचं टेकाड. पुण्याहून साहेब लोक यायचे, तंबू ठोकायचे आणि गावातली माणसं रोजावर घमेली उचलायची. दुष्काळाच्या सालानंतर मावशीही तिथे कामाला होती. तिचे वडील, ज्यांना मी आबा म्हणायचे, अजून जात होते. त्या वर्षीचं काम उठायच्या बेतात होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी मला तिथे घेऊन गेली.

चौकोनी खड्डे होते, त्यांत पायऱ्या सोडलेल्या. साहेबानं मावशीला ओळखलं. "काय बाई, परत कामाला?" तो म्हणाला.

"न्हाई साहेब. पोरीला दावायचंय."

एका खड्ड्यात मोठ्या माणसाचा सांगाडा उताणा पडला होता. घोट्याखाली पाय नव्हते. मला एकदम तो राजा आठवला आणि मी मावशीचा पदर धरला. ती लग्न होऊन आल्यापासून मी तिला पहिल्यांदा धरलं होतं.

"पुरतानाच पाय तोडलेत," साहेब म्हणाला. "मेलेल्यानं उठून कुठे जाऊ नये म्हणून असेल. नक्की कोण सांगणार?"

मावशी मला पुढच्या खड्ड्यात घेऊन गेली. तिथे एका घराची जमीन होती, सारवलेली, चुलीची जागा काळी पडलेली. त्या जमिनीखाली दोन मडकी आडवी होती, तोंडाला तोंड लावून. वरचा भाग फुटलेला होता आणि आत चिमणीच्या असाव्यात तशा बारीक बरगड्या दिसत होत्या.

"हे लेकरू," मावशी म्हणाली. "मी असली ब्रशानं साफ केल्याती. लेकरांचे पाय न्हाई तोडले त्यांनी. आन् बाहेर बी न्हाई टाकलं. घरातच ठिवलं बघ, चुलीपशी."

मग तिथे खड्ड्याच्या काठावर बसून तिनं मला तिच्या मुलीचं सांगितलं. नवरा विहिरीच्या कामावर दरड कोसळून गेला तेव्हा मुलगी पोटात होती. दुष्काळात जन्मली. गावात प्यायला डबक्याचं पाणी होतं. मावशीच्या अंगावर दूध आलं नाही. शेळीचं मिळेना. मुलीला उलट्या सुरू झाल्या आणि दोन दिवसांत ती गेली.

"गड्यांनी नेलं तिला. आमाला जाऊ देत न्हाईत. कुठं पुरलं ते मला दावलंच न्हाई. मी इचारलं तर सासरा म्हनला, जागा ठावी असली की बाई तितंच जाऊन बसती." ती मडक्याकडे बघत होती. "हिथं काम करताना मला बरं वाटायचं. कुनाचं तरी लेकरू कुठं हाय ते कळतंय, असं वाटायचं."

आबा घमेलं घेऊन जाताना आमच्यापाशी थांबले. त्यांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि पुढे गेले.

दूध मी पुन्हा कधी प्यायला लागले ते मला आठवत नाही. एकदम नाही लागले. पण दौंडला परतल्यावर राखेच्या रस्त्यावरचे टांगे नुसते टांगे झाले. मागे काही ओढल्याचा आवाज येईना. राजा गेला होता.

पण घर मोकळं झालं नाही. टळटळीत दुपारी, वडील लाइनीवर आणि मावशी आडवी झालेली असताना, चुलीपाशी कुणीतरी आहे असं मला वाटू लागलं. भीती वाटायची नाही. फक्त तिथे पाय पडू नये म्हणून मी वळसा घालून जायचे. लहान मूल बसलं असलं की आपण जातो तसं. दोनचार दिवस मावशीनं हे पाहिलं.

"तितनं का जात न्हाईस?"

मी खरं सांगितलं. लपवायचं नाही असं ठरलं होतं.

मला वाटलं ती घाबरेल किंवा रागावेल. ती उठून बसली. "कुठं बसती?" तिनं हळूच विचारलं. "दावतीस?"

मी जागा दाखवली. ती सरकत सरकत तिथे गेली आणि भिंतीला टेकून बसली. अगदी त्या जागेवर नाही, जरा शेजारी. संध्याकाळ होईपर्यंत ती तिथून हलली नाही. पुढे ती त्याच जागी भाजी निवडायची, तांदूळ पाखडायची. वडिलांना आम्ही कधीच काही सांगितलं नाही.

माझा भाऊ रेल्वेच्या दवाखान्यात जन्मला. रांगायला लागल्यावर तो चुलीपाशी जाऊन बसायचा आणि भिंतीकडे बघून खिदळायचा. मावशी काम सोडून त्याच्याकडे बघत राहायची. सातवीनंतर मी पुण्याला वसतिगृहात गेले, तेव्हा तो प्लॅटफॉर्मवर माझ्या नावानं आडवा पडून रडला. मावशीनं त्याला उचललं. तीही रडत होती.

मिसबाईला तोवर पुण्याच्या नन्सनी आपल्याकडे नेलं होतं. मी एकदा भेटायला गेले. तिनं मला ओळखलं नाही. आपल्या भावाशी मात्र ती बोलत होती, हळू आवाजात, इंग्रजीत.

कॉलेजात गेल्यावर मी त्या राजाबद्दल सापडेल ते वाचलं. सगळ्यात जुन्या नोंदीत त्याला मारलं एवढंच आहे. कुणी मारलं ते नाही. राणीचं नाव पुढे हळूहळू येत गेलं, जसजसा तो अधिकाधिक संत होत गेला तसतसं. पेला आधी आला की सुरा, कुणास ठाऊक. तिनं नंतर मठ बांधले. काही म्हणतात पापाच्या धाकानं. एका पडक्या मठाच्या जागी शिशाच्या पेटीत हाडं सापडली आहेत. ती त्याचीच असं काहींना वाटतं, काहींना नाही. तिनं मारलंच नसेल असं मी म्हणू शकत नाही. मिसबाईचं म्हणणं मला आजही खोडता येत नाही. पण ते चित्र आठवलं की मला आता पोरगा दिसत नाही. दारातली बाई दिसते, आणि ती कुणाची वाट बघत होती हा प्रश्न पडतो.

वडील ड्रायव्हर झाले आणि त्यांची सोलापूरला बदली झाली, तेव्हा मी आठवीच्या सुट्टीत घरी होते. सामान हातगाडीवर चढवलं. क्वार्टर रिकामं झालं. वडील घड्याळ बघत पुढे निघाले, भाऊ त्यांच्या खांद्यावर. मी मावशीला बोलवायला परत आत गेले.

ती स्वयंपाकघरात चुलीपाशी वाकून उभी होती. माझ्याकडे तिची पाठ होती. तिनं एक हात खाली केला होता, बोटं जरा पसरून, बोट धरायला द्यावं तसा.

"चल गं," ती म्हणाली. "आपल्याला जायचंय."

मी दारातून बाजूला झाले आणि दोघींना वाट दिली.